घंटी आणि दिवा

राजारामपुरीतल्या त्या घराची घंटी सगळ्या गल्लीला पाठ झाली होती. अर्धांगानं अंथरुणाला खिळलेल्या झुंबरबाईंच्या उशाशी बटण, आणि घंटी स्वयंपाकघरात. बटण दाबलं की सून बनाबाई हजर. पाणी हवं, कूस बदलायची, माशी हाकलायची, कधी नुसतंच, "हाईस का बघितलं."

आठ महिने झाले. बनाबाईला आता भाकरी थापतानासुद्धा कानात तीच टर्रर्र ऐकू यायची. त्यात आज शुक्रवारचा उपास. रेडिओ दुरुस्त करणारा शेजारचा ख्वाजा सकाळी घंटीचे सेल बदलायला आला, तेव्हा तिनं हळूच विचारलं, "ख्वाजाभाई, दुपारी घटकाभर हिचं तोंड बंद करता येईल?"

"आजीचं का घंटीचं?"

"घंटीचं हो!"

ख्वाजानं हसत घंटीशेजारी टॉर्चचा बारका दिवा लावला आणि दोन्हींमध्ये एक खटका बसवला. "हे बघा वहिनी. खटका वर असला की करंट घंटीकडं, खाली केला की दिव्याकडं. आजीनं तिकडं दाबलं की इकडं दिवा लागणार. आवाज न्हाय."

दुपारी बनाबाईनं खटका खाली केला, साबुदाण्याचे चार घास खाल्ले आणि दिव्याकडं तोंड करून आडवी झाली. तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं, दिवा बघायचा तर डोळे उघडेच ठेवायला हवेत. देवीचं नाव घेत ती बघत राहिली. जपाच्या दुसऱ्या माळेला डोळा लागला.

जाग आली तेव्हा दिवा जळत होता. किती वेळ, देवीला ठाऊक. ती धावली. झुंबरबाईंचं बोट अजून बटणावर होतं आणि अंथरूण भिजलं होतं.

"घंटी वाजली न्हाय गं," म्हातारी भिंतीकडं बघत म्हणाली. "सेल संपलं असतील."

सेल तर सकाळीच नवे घातले होते, म्हातारीलाही ते ठाऊक होतं. नुसतं 'व्हय' म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"न्हाय, आत्ती. मीच बंद केलती. लई झोप आलती."

बनाबाईनं म्हातारीचं लुगडं बदललं, पाठ पुसली, कोरडी चादर घातली.

"झोपलीस का मग?"

"थोडी."

"उद्या आधी मला भांडं दे. मग कर बंद."

बनाबाई ओली चादर उचलून मोरीकडं गेली.