जोडीतली दुसरी बंदूक

भावाला, ग्लिनला पुरून आल्यावर चौथ्या दिवशी नेस्टा प्रोबर्टने, वडिलांमागे त्याच्याकडे आलेल्या घराचा माळा आवरायला घेतला. पाण्याच्या टाकीमागे पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी लांबट हाताला लागलं. पोतं सोडलं तर आत दुनळी बंदूक, नक्षीदार, तेल पाजून जपलेली. म्हणजे लोक म्हणत होते ते खरंच होतं.

तिचे वडील ईव्हान हे हेलफर्ड हॉलच्या शिकारीच्या रानाचे राखणदार. एकोणीसशे बत्तीस सालच्या जानेवारीत, फेझंट पक्ष्यांच्या शिकारीत, त्यांच्या हातून म्हणे बार उडाला आणि विल्फ बेडोज नावाच्या तरुण हाकाऱ्याचा एक डोळा गेला. वसंतात हॉलमधली एक बंदूक नाहीशी झाली आणि वडिलांची नोकरी गेली. चोर असं तोंडावर कुणी म्हटलं नाही; फक्त आई दुकानात शिरली की बायकांचं बोलणं थांबायचं. वडिलांनी पुढे जन्मभर रस्त्यावर खडी फोडली, पण त्या गोष्टीबद्दल चकार शब्द काढला नाही. या सगळ्याला आता बेचाळीस वर्षं झाली होती. नेस्टा त्याच लिनबरी गावात पोस्ट सांभाळत होती.

बंदूक तिने जवळच्या लडलो शहरात ट्रँटर बंदूकवाल्याकडे नेली. त्याने नळ्या उतरवल्या, नंबर वाचला, वरचा सोन्याचा दोनचा आकडा दाखवला. ही जोडीतली दुसरी, लंडनची, गेल्या शतकातली, अठ्ठ्याण्णव सालची, असं तो म्हणाला. मग खांद्याला टेकणाऱ्या लाकडी दस्त्यावरून अंगठा फिरवत थांबला.

"दस्ता मागाहून लांबवलाय. कुण्या उंच माणसाच्या मापाने. आणि हे काम बनवणाऱ्यांचंच आहे."

वडील सव्वासहा फूट होते. पण चोरीचा माल कुणी मूळ कारागिराकडे नेऊन मापाचा करून घेतो का? ही शंका मनात शिरली ती निघेना. बनवणाऱ्यांच्या वह्यांत नंबरागणिक नोंद असते असं ट्रँटरने सांगितल्यावर तिने त्याच दिवशी लंडनला पत्र टाकलं.

उत्तर येण्याआधीच सर लायनेल आले. हॉलचे मालक, सत्तरीला टेकलेले, दहा वर्षांत पोस्टाची पायरी न चढलेले. जोडी पुन्हा एकत्र आली तर बरं वाटेल, म्हणाले. तुम्ही म्हणाल ती किंमत. ट्रँटर हॉलच्या बंदुका बघतो, म्हणजे त्यानेच बातमी पोचवली, हे तिला लगेच कळलं. कळलं नाही ते वेगळंच. बंदूक यांच्या घरातून चोरीला गेली असेल, तर हे पोलीस घेऊन यायचे सोडून किंमत कसली विचारतात? विचार करते, एवढंच ती म्हणाली.

आठवड्याने लंडनचं पाकीट आलं. आत जुन्या चिठ्ठीची नक्कल होती, सर लायनेलच्या आईच्या सहीची, फेब्रुवारी बत्तीसची. 'ही बंदूक मी आमचे राखणदार प्रोबर्ट यांना दिली आहे. त्यांच्या मापाची करून द्यावी. सर ह्यू यांना कळवण्याची गरज नाही.'

नेस्टाने ती चिठ्ठी चारदा वाचली. वडील चोर नव्हते. पण मालकीणबाईने नवऱ्याच्या नकळत राखणदाराला एवढी भेट का द्यावी? नको तो विचार आला आणि तिला आईची मान खाली घालून चालण्याची सवय आठवली. आईला काही वेगळंच तर ठाऊक नव्हतं?

त्या वेळचा माणूस गावात एकच उरला होता. बेडोज मंडळी प्रोबर्टांशी बोलत नसत, तरी ती विल्फच्या दारात जाऊन उभी राहिली आणि चिठ्ठी त्याच्या हातात दिली. त्याने ती उरल्या डोळ्याजवळ धरून वाचली.

"तुझ्या बापाने नाही मारलं मला," तो म्हणाला. "लायनेलने मारलं. झिंगला होता. बंदूक कुणाच्या हातात होती ते मी बघितलं."

मग त्याने सगळं सांगितलं. पोरगा पुन्हा प्यायला तर घराबाहेर काढीन, असं सर ह्यूंनी बजावलेलं. म्हणून लायनेलच्या आईने विल्फच्या देखतच राखणदाराचे पाय धरले आणि ईव्हानने आळ अंगावर घेतला. त्याबद्दल भेट ही बंदूक. वसंतात सर ह्यूंना पेटीत जोडीतली एकच बंदूक दिसली, तेव्हा बाईने तोंड उघडलं असतं तर पोराचं बिंग फुटलं असतं. ती गप्प बसली. ईव्हानने शब्द दिला होता, तोही गप्प बसला.

"आणि तू?"

"आमचं घर हॉलच्या मालकीचं होतं, नेस्टा. आईबाप, चार बहिणी. कुठे जाणार होतो?"

"माझी आई रोज तुझ्या दारावरून जायची, विल्फ."

त्याने चिठ्ठीची घडी घालून ती तिला परत दिली.

गुरुवारी, पेन्शनच्या रांगेत माणसं उभी असताना, सर लायनेल पुन्हा आले. नेस्टाने खिडकीतून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "माझ्या वडिलांनी ती बंदूक चोरली होती का?"

त्यांनी रांगेत उभ्या विल्फकडे पाहिलं, मग हातातल्या टोपीकडे. "नाही," ते म्हणाले. आणखी काहीतरी सांगायचं होतं बहुतेक, पण तिने पुढच्या माणसाला बोलावलं.

बंदूक तिने विकली नाही. रीतसर परवाना काढून स्वतःच्या नावावर करून घेतली. गावातल्या बायका आता थांबून तिच्याशी बोलतात, आणि त्या इतक्या गोड का बोलतात याचाच तिला संशय येतो. विल्फ दर गुरुवारी येतो, हवापाण्याचं काहीबाही बोलतो. ती उत्तर देते. चहाला मात्र अजून बोलावलेलं नाही.