डबी क्रमांक एकेचाळीस आणि नऊशे मीटर तार

मित्रांनो, मी एक जुनी डबी आहे. लोणच्याची नाही, बटणांचीही नाही. मी हवेच्या जोरावर नळीतून धावणारी टपालाची डबी आहे. माझे कामाचे सगळे आयुष्य बर्लिनमध्ये, एका समाजवादी देशाच्या मंत्रिमंडळाच्या इमारतीत गेले.

माझी लांबी बावीस सेंटिमीटर. अंग ॲल्युमिनियमचे. एका टोकाला फिरवून बंद करायचे झाकण आणि दोन्ही टोकांना नमद्याच्या, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीच्या पट्ट्या. या पट्ट्या नळीला आतून अगदी चिकटून सरकायच्या. तळघरातला मोठा पंखा माझ्या पुढची हवा ओढून घ्यायचा, मागची हवा मला ढकलायची, आणि मी सेकंदाला सहा मीटर वेगाने भिंतींच्या पोटातून धावायचे. ज्या कारखान्यात माझा जन्म झाला, तिथल्या एका बाईने माझ्या अंगावर ४१ हा आकडा ठोकला. तेच माझे नाव.

इमारतीतल्या सगळ्या नळ्या दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत एकत्र यायच्या. तिथे ट्राउडे वुट्केबाई बसायच्या. डबी आली की तिच्यावरचा पत्ता बघायचा आणि ती योग्य नळीत सोडायची, हे त्यांचे काम. त्यांच्या हातातून ये-जा करताना मला राज्यकारभार थोडाथोडा कळू लागला.

सर्वांत वर एक अध्यक्ष. त्यांच्याखाली बरेच उपाध्यक्ष. मग मंत्री, तेही चाळीसच्या आसपास. इतके कशाला, असे तुम्ही विचाराल. आमच्याकडे बहुतेक मोठे कारखाने सरकारचेच होते. म्हणून कोळशाला एक मंत्री, रसायनांना दुसरा, काचेला आणि चिनी मातीला तिसरा. कोणत्या कारखान्याने वर्षभरात काय बनवायचे आणि ते कोणाला द्यायचे, हे नियोजन मंडळ एका मोठ्या आराखड्यात लिहून ठेवायचे. त्या मंडळाचे प्रमुख स्वतः उपाध्यक्षांपैकी एक होते. देशाचे मोठे निर्णय मंगळवारी सत्ताधारी पक्षाच्या कार्यालयात व्हायचे. गुरुवारी आमच्या इमारतीत अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि बोलावलेले मंत्री लांब टेबलाशी बसायचे आणि ते निर्णय अमलात कसे आणायचे ते ठरवायचे. एकदा ठरले की ज्याने विरोध केला, त्यालाही ते पाळावे लागे.

“मंगळवारी तिकडे शिजतं आणि गुरुवारी इकडे वाढतात,” असे वुट्केबाई म्हणायच्या. पण दार लोटल्यावरच.

देशातला कोणीही माणूस मंत्रिमंडळाला अर्ज लिहू शकत असे, आणि त्याला चार आठवड्यांत उत्तर द्यावेच लागे. हे अर्ज कासुल्के नावाचे साहेब सांभाळायचे. काटेकोर माणूस. पेन्सिलसुद्धा टेबलाच्या कडेला समांतर ठेवणारा. सकाळी दहा वाजता ते सॉसेज लावलेला पाव घेऊन वुट्केबाईंच्या खोलीत यायचे, कारण तिथला हीटर चांगला होता.

१९७१ सालच्या नोव्हेंबरातली गोष्ट आहे. माझ्यातून नुकताच आलेला एक अर्ज कासुल्केसाहेबांनी तिथेच उभ्याने मोठ्यांदा वाचला.

‘मी ओडर नदीकाठच्या क्लाइन-बार्नाउ वाडीची नर्स आहे. वाडीत एकच टेलिफोन आहे, तो दूध डेअरीत. डेअरी दुपारी चारला बंद होते आणि चावीवाला शेजारच्या गावात राहतो. दार लोखंडी आहे, नाहीतर मी फोडलं असतं. गेल्या जानेवारीत मार्लीस बोर्खर्टला संध्याकाळी पाचला कळा सुरू झाल्या. चावी यायला सव्वा तास लागला. बाळ वाचलं नाही. येत्या जानेवारीत ती पुन्हा बाळंत होणार आहे. माझं घर डेअरीपासून नऊशे मीटरवर आहे. मला एक टेलिफोन द्या. डिसेंबरच्या मध्यावर आमच्याकडे जमीन गोठते, मग तारेचे खांब रोवता येत नाहीत. – इर्मट्राउट नोआक.’

साहेबांनी हातातला पाव टेबलावर ठेवला. वुट्केबाई म्हणाल्या, “द्या की मग एक टेलिफोन.”

“मी काय खिशात घेऊन फिरतो का, बाई? तीन खात्यांना विचारावं लागेल.”

आणि मी धावू लागले. त्या महिन्यात मी किती फेऱ्या केल्या म्हणून सांगू! आमच्या इमारतीचा एक कडक नियम होता: एका डबीत एकच कागद, एकाच माणसासाठी. त्यामुळे पहिल्या आठवड्यात मी टपाल खात्याचे उत्तर आणले, दुसऱ्यात तारा बनवणाऱ्या खात्याचे, आणि तिसऱ्यात नियोजन मंडळाचे. कागद माझ्या पोटात गुंडाळलेले असायचे, त्यामुळे मला ते पाठ झाले.

टपाल खाते म्हणत होते: तार मिळाली तर टेलिफोन देऊ. तारेचे खाते म्हणत होते: आराखड्यात नोंद असेल तर तार देऊ. आणि नियोजन मंडळ म्हणत होते: टपाल खात्याची मागणी आली तर आराखड्यात नोंद करू.

चौथ्या आठवड्यात, बुधवारी, कासुल्केसाहेब एक छापील फॉर्म भरून घेऊन आले. त्यावर प्रत्येक खात्यापुढे एकच लहान चौकोन होता. त्यात फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच मावायचे. त्यांनी सुंदर अक्षरात तीन वेळा ‘नाही’ लिहिले होते.

“हा उपाध्यक्ष ग्रेवेंच्या खोलीत पाठवा. ते सही करतील,” ते म्हणाले.

“पण तिघांपैकी नाही कोण म्हणालं?” वुट्केबाईंनी विचारले. “तिघंही ‘देऊ’ म्हणतायत. फक्त दुसऱ्याच्या मागून.”

“चौकोनात एवढं मावत नाही. आणि नकार हेसुद्धा उत्तरच असतं. उद्या चार आठवडे पुरे होतात. मुदतीत गेलं म्हणजे झालं.”

“हो ना. आणि बाळ? तेही बिचारं मुदतीतच येणार.”

कासुल्केसाहेबांचे कान लाल झाले. “तुम्हाला काय वाटतं, मला कळत नाही? अकरा वर्षं मी हे चौकोन भरतोय. मूळ कागद वर पाठवायला परवानगी नाही. एका डबीत एक कागद. नियम आहे.”

“नियम मला ठाऊक आहे, तो माझ्याच भिंतीवर टांगलाय. पण डबीत किती कागद आहेत ते हवेला थोडंच कळतं?”

ते निघून गेले. वुट्केबाईंनी फॉर्म माझ्यात घातला नाही. मला त्यांनी टेबलावर तशीच रिकामी ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता कासुल्केसाहेब आले. हातात तिन्ही खात्यांची उत्तरे आणि नर्सचे पत्र होते. त्यांनी ते फॉर्मसकट गुंडाळले आणि स्वतःच्या हाताने माझ्यात कोंबले. पाच कागद! झाकण नीट फिरेना.

“नियम मोडला म्हणून उद्या मी इथे नसलो, तर माझा हीटरजवळचा कोपरा कुणाला देऊ नका,” ते म्हणाले.

“पाव मात्र घरूनच न्या, जिथे पाठवतील तिथे चांगला मिळणार नाही,” वुट्केबाई म्हणाल्या आणि त्यांनी मला नळीत सोडले.

मित्रांनो, मला सगळ्या वळणांची सवय होती. पण त्या दिवशी माझे पोट फुगलेले होते आणि झाकण एका बाजूला कलले होते. बैठकीच्या दालनाबाहेरच्या वळणावर झाकणाची कड नळीला घासली. पुढची नमद्याची पट्टी फाटली, फटीतून हवा निसटली आणि मी अडकले. माझ्यामागे बैठकीच्या कागदांच्या सात डब्या येऊन आपटल्या.

थोड्या वेळाने पान्याचा आवाज आला. दुरुस्तीवाल्या त्साश्टोव्हने वळणावरचे नळीचे झाकण उघडले आणि मला ओढून बाहेर काढले. तेवढ्यात दालनातून उपाध्यक्ष आल्विन ग्रेवे बाहेर आले.

“काय हो, आत अख्खं मंत्रिमंडळ खोळंबलंय! कागद कुठे आहेत?”

“ही घ्या, साहेब. हिनेच वाट अडवली होती. फार खाल्लंय हिनं,” त्साश्टोव्ह म्हणाला आणि माझे झाकण निखळून पाची कागद जमिनीवर पसरले.

ग्रेवे वाकले आणि त्यांनी कागद उचलले. आधी पत्र वाचले. मग तिन्ही उत्तरे. मग पुन्हा पत्र. एवढा मोठा माणूस कितीतरी वेळ कॉरिडॉरमध्ये एका खांद्याने भिंतीला टेकून उभा होता. मग ते मला हातात घेऊनच आत गेले. सोळा वर्षे मी त्या दालनाच्या भिंतीतून धावत होते, पण ते लांब टेबल मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

त्यांनी तिन्ही कागद एकामागून एक वाचून दाखवले. ज्यांच्या सहीने ते निघाले होते, ते तिघेही तिथेच बसले होते.

टपालमंत्री म्हणाले, “तारेशिवाय मागणी करायची नाही असा दंडक आहे, कॉम्रेड.”

तारेच्या खात्याचे मंत्री म्हणाले, “आणि मला आराखड्याबाहेर एक मीटरही सोडता येत नाही.”

नियोजन प्रमुख म्हणाले, “माझ्याकडे मागणीच आली नाही, तर मी काय लिहिणार?”

“तिघांचंही बरोबर आहे,” ग्रेवे शांतपणे म्हणाले. “फक्त या टेबलाची रुंदी दीड मीटर आहे, आणि तुम्ही चार आठवडे एकमेकांची वाट बघताय.”

उपाध्यक्षांची पेन्सिल हिरवी असे. तिने त्यांनी फॉर्मवरचे तिन्ही ‘नाही’ खोडले आणि खाली लिहिले: नऊशे मीटर तार, राखीव साठ्यातून, जमीन गोठण्याआधी. मग तो कागद त्यांनी टेबलावरून सरकवला, आणि तिघांनी त्यावर सही केली.

नंतर त्यांनी कासुल्केसाहेबांना आत बोलावले. साहेब आले ते चेहऱ्याचा रंग उडूनच.

“असे एकमेकांत अडकलेले अर्ज यंदा किती आले?”

“दोनशे बारा, कॉम्रेड उपाध्यक्ष.”

“यापुढे मूळ कागद पाठवत जा,” ग्रेवे म्हणाले. “डब्या मात्र वेगवेगळ्या करा.”

बाकीच्या दोनशे अकरांचे पुढे काय झाले, हे मला ठाऊक नाही. मी उगीच सगळे चांगले झाले असे सांगणार नाही. पण क्लाइन-बार्नाउमध्ये अकरा डिसेंबरला टेलिफोन लागला, आणि चौदा तारखेला तिथली जमीन गोठली.

जानेवारीच्या शेवटी नर्सचे दुसरे पत्र आले. ‘मार्लीसला एकोणीस तारखेला मुलगी झाली. नाळ गळ्याभोवती होती. टेलिफोन केल्यावर पस्तीस मिनिटांत डॉक्टर पोचले. वजन तीन किलो दोनशे. दोघी बऱ्या आहेत.’ कासुल्केसाहेबांनी ते पत्र वाचले, चष्मा पुसला, पुन्हा वाचले. मग त्यांनी ते माझ्यात घातले आणि आपल्या खोलीतून वुट्केबाईंकडे पाठवले. एका डबीत एकच कागद, एकाच माणसासाठी.

त्यानंतर प्रत्येक टेबलावर टेलिफोन आले आणि नळ्या बंद पडल्या. तळघरात एका खोक्यात मी धूळ खात पडून होते. पुढे तो देश, ते मंत्रिमंडळ, सगळेच राहिले नाही. इमारत रिकामी करताना माणसे खोकी बाहेर फेकत होती. तेव्हा पांढऱ्या केसांच्या वुट्केबाई आल्या, आकडे वाचत वाचत त्यांनी एकेचाळीस शोधली आणि मला पिशवीत टाकून घरी नेले.

आता मी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर असते. नव्या राज्यातही कागद आहेत आणि कचेऱ्याही. शेजारपाजारचे लोक गोंधळून पत्रे घेऊन येतात. वुट्केबाई ती सगळी पत्रे टेबलावर शेजारी शेजारी मांडतात आणि उडू नयेत म्हणून वर मला ठेवतात.

मित्रांनो, तुमच्याही हाती कधीतरी दुसऱ्याचा कागद येईल. तो पुढे ढकलण्याआधी त्याच्या शेजारचा कागद बघा. त्या कागदाच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी लोखंडी दाराशी उभे असेल.

आणि माझ्यासाठी एवढेच करा. मला पुसा, अधूनमधून झाकण फिरवून बघा. पण माझी पुढची नमद्याची पट्टी बदलू नका. ती फाटकीच राहू द्या.