देवीला सोयर नसतं

"जुळं हाय ना? मग एक तरी भायेर का येईना?" सुनेच्या उशाशी बसलेल्या जिजाने पुन्हा विचारलं.

बायजा सुईण डोळे मिटून चाचपत होती. तिचा हात आत होता. एक डोकं बोटांना लागत होतं, त्याच्या पलीकडे दुसरं. मागच्या महिन्यात सुंदराच्या पोटाला तेल चोळतानाही दोन डोकी लागली होती; एक सरकवलं की दुसरं बरोबर सरकायचं. आत जागा नसेल, असं तिने तेव्हा स्वतःला समजावलं होतं. घाटातून आगगाडी सुरू झाली त्या साली सासूचं हे काम तिच्या हातात आलं. तेव्हापासून तिच्या बोटांनी तिला कधी दगा दिला नव्हता. आता ती पहिल्या मानेवरून खाली उतरली, छातीवर आली, दोन पोरांमधली फट शोधू लागली आणि

*

फट नव्हतीच.

दिवस भरले नव्हते, पोरी चिमटीएवढ्या होत्या, म्हणून सुंदरा वाचली. दोघी समोरासमोर, छातीपासून बेंबीपर्यंत एक. दोघी रडल्या. सुंदराला शुद्ध नव्हती.

जिजाने एकदाच पाहिलं.

"माज्या धाकलूला खड्डा खनाया सांगते. गावाला कळायच्या आत."

"जित्या हायेत गं, जिजाबाय."

"म्हनूनच आत्ता. त्यात बी पोरी."

तिचा हात कडीवर गेला. तिला अडवायला बायजाकडे ना नातं होतं ना मान. तोंडाला आलं ते ती बोलली.

"पुरशील तर वंश बुडंल तुजा. देवी आलीय ही. जोडीनं आलीय."

जिजाने कडीवरचा हात काढला, डोक्यावर पदर घेतला आणि वाकून नमस्कार केला. बायजाला इतकं हलकं वाटलं की ती

*

हसलीसुद्धा. कर्जतच्या रेल्वे डॉक्टराकडे धाकलूला तिनेच पिटाळलं. डॉक्टर घोड्यावरून आला, पोरींच्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिला.

"काळीज बहुतेक दोघींत एकच आहे. कापून वेगळं करता येणार नाही. मलाच काय, कुणालाच नाही."

"मंग किती वरीस जगतील, सायेब?" धाकलूने विचारलं.

"वर्षं कसली मोजतोस? आज दूध पाजा. आईचं. ऊब द्या. आणि माणसं जमवू नका," डॉक्टर म्हणाला, पण अंगणात

*

माणसं जमलीच होती. खालापुराकडून बैलगाड्या आल्या, ठाकुरवाडीच्या बाया घाट उतरून आल्या. विठू गुरवाने पडवीत पाट मांडून पोरींना त्यावर ठेवलं. हळद, कुंकू, गुलाल. धुपाने दोघी खोकत होत्या, रडत होत्या. कुडाच्या आत सुंदराची चोळी दुधाने भिजत होती.

बायजा पोरींना उचलायला गेली तर विठूने हात आडवा घातला.

"बाळंतिनीला सोयर हाय. धा दिस तिनं देवीला शिवायचं नाय. तू बी नाय. तुजे हात तिलाच लागल्यात."

"आरं, मग पोरींना नाय व्हय सोयर?"

"देवीला सोयर नसतं."

"आन् दूध?"

विठूने पाटासमोरची काशाची वाटी दाखवली. गाईचं दूध, वर फूल. "निवेद दावलाय की."

बायजाने सगळ्यांकडे तोंड केलं.

"मी खोटं बोलले. देवीबिवी काय नाय. ही जिजा जित्या पोरी पुरीत होती, म्हनून बोलले."

जिजा हसली, अगदी मायेने.

"तू कोन बोलनारी, बायजे? तुज्या तोंडून तिनंच वदवलं."

बायांनी हात जोडले. कुणीतरी बायजाच्याही पायांवर कुंकू वाहिलं.

आतून सुंदरा भिंत धरत दारापर्यंत आली. धाकलू उंबऱ्यावर आडवा उभा राहिला, बायकोकडे न बघता.

"धाच दिस गं," तो म्हणाला. पण

*

दहा लागले नाहीत. एकीचा आवाज आधी बसला, मग दुसरीचा. गावाने वाजतगाजत नेलं. गुलाल इतका उधळला, की परतलेल्यांना ओळखणं कठीण झालं.

घरात बायजा जुन्या लुगड्याच्या पट्टीने सुंदराची छाती बांधत होती. दूध आटवायचं तर तसंच करतात.

"मावशे," सुंदरा म्हणाली, "तू जवळून बगितल्यास. तोंडावळा कुनाचा होता गं?"

बायजा आठवत राहिली. हातांना सगळं आठवत होतं. कुठून कुठवर कातडी एक होती, कुठे जास्त गरम लागत होती. तोंडं काही केल्या समोर येईनात. "तुजाच" म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"नाय बगितला," ती म्हणाली.

सुंदराने मान हलवली. मग म्हणाली, "वायच सैल कर."

"घट्टच पायजे."

बायजाने दुसरी पट्टी फाडायला घेतली. पहिली भिजली होती.