पतीचे नाव नमूद नाही

…शाईच्या पॅडच्या मधोमध खळगा पडला होता, अंगठे टेकून टेकून, आणि त्या खळग्यातली जांभळी शाई वाळून तिला पापुद्रे सुटले होते – थोडं पाणी टाकावं असं भाग्यश्रीला सकाळपासून वाटत होतं आणि सकाळपासून तिनं ते टाकलं नव्हतं. दुपारचे दोन वाजले होते. एटापल्लीच्या या तहसील कार्यालयात ती तीन वर्षांपासून कंत्राटी संगणक ऑपरेटर होती. दर अकरा महिन्यांनी नवी ऑर्डर, खुर्ची मात्र तीच, एका अंगाला कललेली. समोरच्या बाकावर रुखमा बसली होती. पन्नाशीची, जंगलातल्या गावची, पहाटेच घरून निघालेली. तिचा अर्ज दोनदा परत आला होता, आणि दोन्ही वेळा शेरा एकच – पतीचे नाव नमूद नाही.

रुखमाचा नवरा, कोलू, मागच्या उन्हाळ्यात गेला. वनहक्काची दोन एकर जमीन, आणि पट्ट्यावर एकट्या कोलूचंच नाव. बायकोचं लिहायचं तेव्हाच राहून गेलेलं. आता तिचं लागायला हवं होतं. वारसांची यादी आज बंद होणार होती, आणि यादीत नाव आलं नाही तर जमीन मी कसणार, असं दिरानं घरी सांगूनही टाकलं होतं. हे सगळं रुखमानं आल्या आल्या एका दमात सांगितलं.

परत आलेले अर्ज बापूजींच्या कपाटात असत. बापूजी टपालाचे कारकून, मनानं वाईट नव्हते. या बाया नवऱ्याचं नाव घेत नाईत, त्याले आपण का करावं, असं ते म्हणत, आणि त्यात खोटं काय होतं? नाव विचारलं की बाया तोंडाला पदर लावायच्या, शेजारणीकडे बघायच्या, मग शेजारीण सांगायची. गावोगावी अर्ज भरून घ्यायची शिबिरं होत, तिथल्या गर्दीत शेजारीण नसली की रकाना कोरा राहत असणार… कोणालाच त्यात नवल वाटलं नाही. तीन वर्षांत चाळीसेक अर्ज असे परत आले होते.

रुखमानं पट्ट्याची झेरॉक्स पुढे सरकवून, कोणीतरी खूण करून दिलेल्या नावावर बोट ठेवलं. भाग्यश्रीनं ते टाइप केलं. पहिलं पान, दुसरं पान, वैवाहिक स्थिती – विधवा. एरवी ती प्रिंट देऊन मोकळी झाली असती, पण प्रिंटरमध्ये कागद अडकला, आणि तो ओढून काढता काढता तिनं उगाच माउसचं चाक फिरवून पहिलं पान वर आणलं. रकाना कोरा होता.

आपणच विसरलो, दुसरं काय. जेवणानंतर डोळे मिटत असतात आणि बोटं आपापली चालत असतात. तिनं पुन्हा नाव टाकलं, खालच्या रकान्यात गेली, आणि डोळ्यांदेखत नाव गेलं. पुन्हा टाकलं. पुन्हा गेलं. अर्ज बंद करून उघडला, संगणक बंद करून चालू केला. ब्राउझरमध्ये उघडला तर नाव टिकलं, पण तिथं आपोआप काहीच चालत नव्हतं, वयाचा रकानाही भरत नव्हता, आणि वय नसलेला अर्जही परतच येतो. काय कटकट आहे! खरं तर हा फॉर्म तिनंच बनवलेला – चंद्रपूरला दोन दिवसांचं प्रशिक्षण, आणि आल्यावर साहेब म्हणाले, नको ते रकाने आपोआप रिकामे राहतील असं करा. तेव्हापासून काही बिघडलं की ती स्वतःचंच नाव घालून तपासायची. आताही तिनं तेच केलं. भाग्यश्री, सावली तालुका, पतीचे नाव धनराज, वैवाहिक स्थिती – विवाहित. वर जाऊन पाहिलं. नाव जागच्या जागी होतं.

मग हिचंच का जातंय… दोन्ही अर्ज तिनं शेजारी शेजारी लावले आणि एकेक रकाना जुळवत खाली आली, आणि वैवाहिक स्थितीपाशी थांबली. तिथं यादी होती: विवाहित, अविवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता. तीन वर्षांत तिनं स्वतःच्या अर्जावर पहिल्या शब्दाखेरीज दुसरा कधी निवडलाच नव्हता. धनराज दुसरीबरोबर आष्टीकडे राहायला गेला त्यालाही तीन वर्षं झाली होती. पण हा नुसता तपासणीचा अर्ज, तो कोण बघतो, असं म्हणत म्हणत ती दर वेळी विवाहितच राहिली. तिनं बाण खाली नेला. परित्यक्ता. वर गेली. धनराज नव्हता.

तिनं फॉर्मची आतली बाजू उघडली. ओळ तिच्याच हातची होती: स्थिती भरलेली असेल आणि ती ‘विवाहित’ नसेल, तर नाव पूस. अविवाहित मुलींसाठी म्हणून लिहिलेली… नाही, कशाला खोटं बोला. ती ओळ लिहिली तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे मुली नव्हत्याच. नवरा नाही तर नाव कशाला, असंच तिच्या मनात होतं, धनराज नुकताच गेलेला आणि ती रागानं नुसती पेटलेली होती, आणि विधवा म्हणून जगात कोणी असतं हे तिला आठवलंही नव्हतं. तिनं ‘अविवाहित असेल तरच’ असं केलं. दोन मिनिटांचं काम. कोलूचं नाव टिकलं, कागद निघाला, पॅडवर अखेर पाणी पडलं आणि रुखमाचा अंगठा स्वच्छ उमटला.

कागदावरचं नाव कुठी आहे, असं रुखमानं विचारलं. भाग्यश्रीनं दाखवलं. रुखमानं त्या अक्षरांकडे बराच वेळ पाहिलं. वाचता येत नव्हतं तरी.

“मागच्या खेपेले मी नाव घेतलं होतं, बाई,” ती हळूच म्हणाली. “लगनापासून पहिल्यांदा. शिबिरात कोणी संगं नव्हतं, तं मीच घेतलं. मग कागद परत आला, नाव नाई म्हनून. मले वाटलं, म्या तोंडातून काढलं म्हनून पुसून गेलं.”

ही बाई हे मनात घेऊन इतके महिने रानात, चुलीपाशी, त्या दिरासमोर वावरली…

“तुम्ही घेतलं म्हणून नाही गेलं, बाई. ते मी पुसलं होतं. माझ्या हातून.”

रुखमा जरा हसलीच.

“तुम्ही काऊन पुसान? तुमचं-माझं का वैर?”

बापूजी चहाहून येतच असतील. त्यांना कपाट उघडायला सांगावं लागेल, ते चाळीस अर्ज बाहेर काढावे लागतील, चूक कोणाची हे साहेब विचारतील, आणि ऑर्डर पुढच्या महिन्यात संपते आहे. तेही तिला फारसं जड वाटेना. वैर होतं. या बाईशी नव्हतं, त्या चाळीस जणींशीही नव्हतं. ज्याच्याशी होतं त्याचं नाव तेवढं तिनं तीन वर्षं जागच्या जागी जपून ठेवलं, आणि पुसली ती दुसऱ्यांच्या नवऱ्यांची. रुखमा अजून उत्तराची वाट बघत होती. सांगायला हवं होतं, निदान हिला तरी. आणि सांगायचं तर धनराजचं नाव तोंडानं घ्यावं लागणार होतं.