व्हेरी ड्राय

मित्रांनो, भिंतीवर घड्याळासारखा गोल लटकतो, पण वेळ सांगत नाही, तो मी. मी एक जुना बॅरोमीटर आहे. हवेचा दाब मोजणं हे माझं काम. माझ्या काचेखाली एक काटा आहे आणि कडेनं पाच शब्द छापलेले आहेत: स्टॉर्मी, रेन, चेंज, फेअर, व्हेरी ड्राय. दाब उतरला की काटा पावसाकडे जातो, चढला की कोरड्याकडे. मला एवढंच येतं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते पुण्यातलं दुकान. तेवीस वर्षांपूर्वी विश्वास आजोबा बँकेतून निवृत्त झाले, तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांना शाल, नारळ आणि मी असे तिघे दिले. नारळाची त्याच आठवड्यात चटणी झाली. शालीला कसर लागली. मी टिकलो. त्याचं मला विशेष काही वाटलं नाही.

देताना दुकानदारानं माझ्या पाठीमागचा एक बारीक स्क्रू फिरवला आणि काटा पुण्याच्या हवेला बसवला. मग बावीस वर्षं आजोबा रोज सकाळी साडेसहाला माझ्या काचेवर बोटानं दोनदा टकटक करत, काटा बघत आणि आजींना सांगत, "गच्चीवरचे कपडे काढ." आजी काढत. दुपारी पाऊस येई. शेजारचे म्हणत, "विश्वासरावांचं यंत्र म्हणजे यंत्र आहे." कौतुक आजोबांचं व्हायचं, काम माझं. तेही चालायचं.

गेल्या वर्षी आजी गेल्या. भास्कर, म्हणजे आजोबांचा मुलगा, लखनौला रेल्वेत इंजिनिअर आहे. त्यानं ऑक्टोबरात आजोबांना आणि मला वृंदावन योजना नावाच्या वसाहतीतल्या आपल्या घरी नेलं. आजोबा खिडकीशी, मी दोन टॉवेलांत.

आता जरा भूगोल. पुणं उंचावर आहे, तिथं हवा विरळ. लखनौ सखल आहे, तिथं हवेचा दाब जास्त. भिंतीवर टांगल्या टांगल्या माझा काटा सरळ व्हेरी ड्रायच्या टोकाला जाऊन टेकला आणि तिथंच राहिला. पाठीमागचा स्क्रू इथल्या हवेला फिरवायला हवा होता. रेल्वेचा इंजिनिअर घरात होता. पण भास्कर रुळांचा माणूस. त्यानं खिळा मात्र अगदी सरळ ठोकला.

सांगायला लाज वाटते, पण पुढचे सात महिने मी बरोबरच निघालो. ऑक्टोबर ते एप्रिल लखनौत पडतो कुठं पाऊस? जानेवारीत दोनदा पडला. आजोबा म्हणाले, "अवकाळी आहे." दोष पावसावर गेला.

लखनौत आजोबांना कुणी काही विचारत नसे. भास्कर ऑफिसात. सून मनीषा बँकेत. नात ऋता चौदा वर्षांची, तिला मराठी सगळं कळतं आणि उत्तर हिंदीत येतं. भाजीवाल्याची गावाकडची बोली आजोबांना कळत नसे. म्हणून त्यांनी तिथल्या मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर बुधवारी हवामान लिहायला सुरुवात केली. लोक अंगठा दाखवत. आजोबा ते अंगठे चष्मा लावून मोजत.

एप्रिलच्या शेवटच्या बुधवारी तिसऱ्या मजल्यावरच्या कांचनकाकू वर आल्या. त्यांच्या स्नेहाचं जूनमध्ये नाशिकला लग्न. रुखवतात घरच्या कुरडया हव्यात, असा काकूंचा हट्ट. पण कुरडयांचं एक आहे: गहू तीन दिवस भिजवावा लागतो. एकदा भिजवला की परतीचा रस्ता नाही. आज भिजवला तर शनिवारी चीक शिजणार आणि त्याच दिवशी कडक ऊन लागणार. शुक्रवारची बुद्ध पौर्णिमा धरून तीन दिवस सुट्टी, हात मदतीला हजर.

"काका, घालू का भिजत?"

ऋता फोनमध्ये बघून म्हणाली, "आजोबा, सैटरडे को तो आँधी दिखा रहा है."

"कुठल्या गावाला?"

"पूरे रीजन में. कहीं-कहीं."

"कहीं-कहीं म्हणजे त्यालाच माहीत नाही," आजोबा म्हणाले. "तुझा फोन असतो खिशात. खिशातून त्याला हवा काय दिसणार?"

मग ते उठले, माझ्या काचेवर टकटक केली आणि ग्रुपवर लिहिलं: 'सुट्टीचा अंदाज. लखनौत सरोजिनी नगर ते निशातगंज, तिन्ही दिवस कोरडे. उर्वरित प्रदेश, तोही कोरडाच.' बावीस अंगठे आले. काकूंनी चार किलो गहू भिजवला.

शनिवारी दुपारपर्यंत गच्चीवर प्लास्टिकभर कुरडया होत्या. तीनच्या सुमारास मला दाब उतरताना जाणवला. मी काटा खाली आणला. जमेल तेवढा आणला. पण इतक्या वरून खाली आणून आणून आणणार किती? पोचलो ते व्हेरी ड्रायच्या दुसऱ्या टोकाला. आजोबा येऊन बघून गेले आणि निश्चिंत झोपले.

साडेतीनला आकाश पिवळं झालं. आंधी आली आणि प्लास्टिक कुरडयांसकट उठून निघून गेलं. मागून पाऊस आला. तो संपल्यावर समोरच्या इमारतीतले एक गृहस्थ दोन्ही हातांत एक ओली कुरडई धरून दारात उभे राहिले.

"अंकलजी, ये हमारे कूलर में गिरा है. किसी चिड़िया का घोंसला है क्या? अंडे तो नहीं मिले, हमने देखा."

काकू आजोबांवर रागावल्या नाहीत. "जाऊ द्या काका, तुम्ही तरी काय करणार," एवढंच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

रविवारी साडेसहाला टकटक झाली नाही. सोमवारी नाही. बुधवारी ग्रुपवर अंदाज गेला नाही आणि कुणी विचारलंही नाही. मी व्हेरी ड्राय दाखवत राहिलो. मला काही वाटत नव्हतं. मी दाब मोजतो, वाटणं माझ्या काचेखाली छापलेलं नाही.

गुरुवारी ऋतानं मला खाली उतरवलं. पाठीवरची धूळ पुसली, तर दुकानदारानं चिकटवलेली चिठ्ठी निघाली. ती मोठ्यानं वाचू लागली, अडखळत, पण मराठीत: "गाव बदलल्यास... स्क्रू... फिरवावा."

आजोबा पलंगावरून उठून आले. त्यांनी ती चिठ्ठी स्वतः वाचली. पुन्हा वाचली.

"तेवीस वर्षं," ते म्हणाले. "मी पुढूनच बघत राहिलो."

ऋतानं फोनमध्ये लखनौचा दाब बघितला आणि चष्म्याच्या पेचकसानं स्क्रू फिरवला. माझा काटा सात महिन्यांनी व्हेरी ड्रायमधून सुटला आणि चेंजवर येऊन थांबला. पाठीत थोडं दुखलं. बरेच दिवसांनी काहीतरी जाणवलं, म्हणून नोंदवतो.

त्याच संध्याकाळी काकू दारात आल्या. "काका, परत चार किलो आणलाय. घालू का भिजत?"

आजोबांनी टकटक केली. काटा बघितला. मग म्हणाले, "मला नक्की सांगता येणार नाही. थांबा. ऋता, तुझा तो कहीं-कहीं काय म्हणतोय बघ."

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणीतरी दुसऱ्या गावाहून आलेलं असेल. ते चुकीचं सांगतं म्हणून भिंतीवर नुसतं राहू देऊ नका. एकदा खाली घ्या, पाठ पुसा, काही लिहिलंय का बघा. आणि सकाळी दोनदा टकटक करत जा. उत्तर बरोबर येईलच असं नाही.

गहू भिजत घातला आहे. रविवारी काय होतं ते मला माहीत नाही. काटा चेंजवर आहे.