नवरदेवाच्या हातातला गुर्ज

बाकीच्यांचे नवरदेव कट्यार धरतात, टोकाला लिंबू खोचतात आणि स्वतःला सरदार समजतात. नायगावच्या केवळाबाईंच्या घरात नवरदेव गुर्ज धरतो. गुर्ज म्हणजे लोखंडी गदा. डोक्याला पाकळ्या, खाली दांडा, आणि वजन असं की धरणाऱ्याचं तोंड आपोआप गंभीर होतं.

नातू संगमेशच्या साखरपुड्याला उदगीरहून नवरीची आजी नागम्मा आल्या, त्या नवरदेवासाठी कट्यार घेऊनच. गुर्ज बघून त्यांनी नाक मुरडलं.

"विहीणबाई, आमच्या दारात हे मुसळ न्हाई चालायचं. ज्याला तलवार मिळत नसंल, त्याच्या हातात असलं देत असत्याल पूर्वी."

केवळाबाईंच्या कपाळाची शीर ताडताड उडू लागली. आज ऐकून घेतलं, तर आजेसासऱ्यापासून चालत आलेला मान माळ्यावर जाणार आणि तिथून भंगारात.

"बाई, लढाईत समोरचा काय धोतर-टोपीत यायचा? डोक्याला लोखंडी टोप, अंगात चिलखत. तलवार वरून नुसती घसरायची. गुर्ज बसला की टोप आत आन् माणूस खाली! त्याला धार लावायची भानगड न्हाई."

"बोलायला काय जातंय?"

"मग करून बघू की."

केवळाबाईंनी आहेरात आलेली नवीकोरी पितळी घागर ओट्यावर उपडी घातली. नागम्मांनी कट्यार हाणली. खण्ण झालं, घागरीवर ओरखडा उठला. मग केवळाबाईंनी पदर खोचला, गुर्ज डोक्यावर नेला आणि सोडला. घागरीची परात झाली.

"अगं बाई, मी लेकरासाठी आणलेली घागर!" नागम्मा ओरडल्या.

"घागर न्हाई ती. गनिमाचं टाळकं."

नागम्मांनी कट्यार पिशवीत घातली. गुर्ज ठरला.

लग्नाच्या दिवशी उदगीरात मांडवाकडं वरात निघाली. संगमेश पुण्यात कंप्युटरवर बसणारा. पहिल्याच वळणावर गुर्ज एका अंगाला गेला, त्याच्यामागं नवरदेव गेला, आणि घोडी बिथरून उलटी नायगावच्या दिशेनं निघाली.

"आज्जे, धर की गं! पडायलोय मी!"

"आण हिकडं. दूध प्यायला नुसता मोठा."

केवळाबाईंनी गुर्ज खांद्यावर टाकला आणि घोडीच्या पुढं चालू लागल्या. बॅण्डवाले आपसूक बाजूला झाले. मांडवाच्या दारात नागम्मा कुंकू घेऊन उभ्या.

"विहीणबाई, लगीन कुणाचं हाय?"

"पोराचं. पण कुंकू आधी ह्याला."

नागम्मांनी दात खात गुर्जाला कुंकू लावलं. मान राहिला. फक्त केवळाबाईंचा हात खांद्यापासून बधिर झाला होता आणि बोटं काही केल्या दांडा सोडेनात. अक्षतांची वेळ झाली. त्यांचा मुलगा, नवरदेवाचा बाप व्यंकट हळूच म्हणाला, "आई, ठेव की आता खाली."

"खाली ठेवीत न्हाईत," केवळाबाई ठसक्यात म्हणाल्या. "अक्षता पडंस्तोवर घरच्या मोठ्या बाईनं खांद्यावर धरायचा असतो. रीत हाय आपली."

व्यंकटानं ही रीत जन्मात ऐकली नव्हती. पण आईच्या हातात गुर्ज होता, म्हणून त्यानं मान डोलावली.