उजवा डबा

माझे काका, ॲडव्होकेट गोपाळकृष्ण अंबुलकर, अमरावतीच्या कोर्टात बत्तीस वर्षं वकिली करतात आणि फावल्या वेळात भंगारातून जुने लाउडस्पीकर आणून दुरुस्त करतात. दोन्ही कामांत समोरच्याचं ऐकून घ्यायची गरज नसते, असा त्यांचा समज आहे.

घरात असे दहा डबे आहेत, पाच जोड्या. लाकडी, कमरेएवढे उंच, कुठल्या तरी बंद पडलेल्या कंपन्यांचे. ते माझ्या खोलीत राहतात असं काकू म्हणते. खरं तर मी त्यांच्या खोलीत राहतो. दर्यापूरहून स्पर्धा परीक्षेसाठी आलो त्याला हे तिसरं वर्ष, त्यामुळे घरात माझा दर्जा डब्यांच्या खालचा आहे. डब्यांना निदान महिन्यातून एकदा जवसाचं तेल लावतात.

पद्धत ठरलेली. काका अकोल्याला सहदेव भंगारवाल्याकडे जातात. डब्याला बोटाच्या पेरानं टकटक करतात, टरबूज घ्यायला आल्यासारखी. मग डोळे मिटून म्हणतात, "साग आहे."

"सागच, साहेब," सहदेव म्हणतो. प्लायवूड असतं.

डबा एसटीनं घरी येतो. आतल्या कागदी शंकूची फोमची कडा हात लावला की शिळ्या पोळीसारखी गळून पडते, ती काका नवी चिकटवतात. कॅपॅसिटर बदलतात. तेल चोळतात. मग हॉलमध्ये दोन डबे दोन बाजूंना ठेवून मधोमध खुर्चीत बसतात, सतार लावतात आणि डोळे मिटतात. दोन मिनिटांनी डोळे उघडून निकाल देतात.

"उजवा बोलत नाही."

दोन वर्षं झाली. पाच जोड्या, आणि एकाही जोडीतला उजवा बोलत नाही. एवढ्यात माणसाला शंका यायला हवी. काकांनाही आली. सहदेवची.

ऑगस्टमध्ये काकू त्यांना मळ काढायच्या निमित्तानं कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की उजवा कान जवळजवळ गेलाय. सहा महिन्यांच्या आत श्रवणयंत्र लावा, नाहीतर नंतर यंत्र लावूनही आवाज येईल, शब्द कळणार नाहीत, कारण मेंदू ओळख विसरतो. हे सगळं त्यांनी अत्यंत गंभीरपणे, मुद्देसूद, काकांच्या उजव्या बाजूला बसून सांगितलं. काका हसून म्हणाले, "आभारी आहे," आणि उठले.

रिपोर्ट काकूनं साड्यांच्या खाली ठेवला.

"तू सांग, ईशान," ती मला म्हणाली. "मी सांगितलं तर दोन दिवस जेवणार नाहीत."

"मी सांगितलं तर मला दोन दिवस जेवू देणार नाहीत."

आमचं घर सुसंस्कृत आहे, म्हणजे खरं बोलायची वेळ आली की सगळे चहा टाकायला आत जातात. काका एकदा कॉलरला लाँड्रीची चिठ्ठी लटकवून अख्खा दिवस कोर्टात फिरून आले. सकाळी ती आम्ही दोघांनीही पाहिली होती. उलटतपासणी कोण ओढवून घेईल? सप्टेंबर गेला, दिवाळी गेली, आणि सहा महिन्यांतले तीनच उरले.

शिवाय माझा वैयक्तिक फायदा होता. जेवायच्या टेबलावर माझी जागा काकांच्या उजवीकडे. तिथे बसून मी दोन वर्षं रोज तीन वाक्यं बोलत होतो. नेहमीच्या आवाजात, हसतमुखानं. "काका, तुमच्यापेक्षा प्लायवूडला अक्कल आहे. भाजी वाढू?" काका पळी बघून मान हलवायचे. काकूला भातात ठसका लागायचा. रोज रात्री वडीलधाऱ्या माणसाच्या तोंडावर खरं बोलून वर त्याच्याच घरचा लाडू खायचा, ही सोय जिल्ह्यात दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही. ती मी का मोडावी?

डिसेंबरात सहदेवनं अकरावा डबा काढला. एकटाच. जोडीतला दुसरा अकोटकडचे नत्थुजी नावाचे शेतकरी त्याच सकाळी घेऊन गेले होते. काकांनी आणलेला डबा साफसूफ केला, डाव्या बाजूला ठेवला आणि सतार लावली. डबा असा बोलला की काकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हा डावा आहे," ते म्हणाले. "याचा उजवा अकोटला आहे. तो मिळाला की संपलं. मग एकही डबा आणणार नाही."

"डब्यात डावं-उजवं नसतं, काका," मी म्हणालो. पण उजवीकडून.

जानेवारीतल्या एका रविवारी गाडी ठरवली. जोडी जुळते का पाहायला डबाही बरोबर घेतला. मागच्या सीटवर तो पट्टा लावून बसला, शेजारी मी, मांडीवर ॲम्प्लिफायर. मुलगी बघायला निघालेल्या नवरदेवाचा करवला असावा तसा.

नत्थुजी शेतातच राहतात. आठ एकर हरभरा, मधात दोन खोल्या, अंगणात कडुनिंब. साठीचा माणूस, मफलर कानावरून घट्ट. शेताच्या धुऱ्यावर, बांधाच्या कडेला, खताचं पोतं पांघरून काकांचा उजवा उभा होता, बॅटरीला आणि एका तुटक्या मोबाइलला जोडलेला.

"हे काय करता तुम्ही याचं?" काकांचा आवाज चिरकला.

"डुकरं हाकलतो, वकीलसाहेब. रानडुकरं लय माजले. आंधी कुत्र्याचं भुकनं लावलं, तर थे कुत्र्याले भेटाले आले." नत्थुजींनी मोबाइलचं बटण दाबलं.

डब्यातून एक बाई ओरडली. "मेल्या, अजून हतंच बसून राहिला! निंघ! निंघ म्हन्ते ना!" कडुनिंबावरचे कावळे उडाले.

"हे कोण?"

"आमची रुख्मिणी. मलेच म्हणे थे. म्या गुपचूप रेकॉर्ड केलं. तवापासून एक डुक्कर फिरकलं नाई. मी बी जपूनच येतो इकडं."

रुख्मिणीबाई चुलीपाशी चहा करत होत्या. "सांगा, सांगा," त्या म्हणाल्या. "गावाले सांगून झालं, आता कोर्टात सांगा."

चहा आला. काकांनी अंगणात दोन्ही डबे मांडले, मधोमध प्लास्टिकची खुर्ची घेतली. ॲम्प्लिफायरला नत्थुजींचाच मोबाइल लावला, कारण काकांच्या मोबाइलला रेंज नव्हती. रुख्मिणीबाई दोन्ही डब्यांतून कडाडल्या. काकांनी डोळे मिटले. दोन मिनिटं त्यांनी 'मेल्या' आणि 'निंघ' शांतपणे ऐकून घेतलं.

"उजवा बोलत नाही."

नत्थुजींना ते लागलं. "बोलत नाई? माह्या डब्यानं आठ एकर राखले, साहेब!"

काकांनी वायरी बदलल्या. उजवा बोलेना. शंकूवर हात ठेवून पाहिलं, तो थरथरत होता. "हलतो, पण बोलत नाही," काका म्हणाले. "फितूर साक्षीदार आहे." शेवटी त्यांनी डबेच बदलले. नत्थुजींचा डावीकडे, आपला उजवीकडे. नत्थुजींचा खणखणीत वाजला आणि काकांचा गप्प झाला.

"आता माझाही बिघडला," काका म्हणाले. "तुमच्या डब्याची लागण झाली."

मी सवयीनं त्यांच्या उजवीकडे उभा होतो. सवयीनं हसलो, आणि सवयीनं, नेहमीच्या आवाजात म्हणालो, "काका, बिघडलेला डबा एकच आहे, आणि तो खुर्चीत बसलाय."

काकांनी माझ्याकडे बघून मान हलवली. "हो ना."

नत्थुजींनी मोबाइल बंद केला.

"वकीलसाहेब, हा पोट्टा तुमाले बिघडेल डबा म्हणून राहिला, अन् तुमी मान हालवून राहिले?"

"कोण? ईशान?" काका हसले. "तो काही बोललाच नाही."

"बोलला. हातभरावरून बोलला."

"म्या बी आयकलं," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "चांगलं मोठ्यानं."

काका ताठ बसले. कोर्टातला आवाज लावला. "तुम्ही त्या वेळी कुठे होतात, बाई?"

"चुलीपाशी."

"अंतर किती?"

"तुमच्या न् माह्या मधात दोन म्हशी आरामात बसतीन."

 नत्थुजी काकांच्या डाव्या बाजूला गेले, वाकले आणि म्हणाले, "डबा नाई गेला, साहेब. कान गेला तुमचा. जेवत्या हाताकडचा."

आम्ही पाच महिने ज्याची पूर्वतयारी करत होतो ते काम या माणसानं तीन वाक्यांत उरकलं. तेही चहाचा कप हातात असताना.

"पुरावा?" काका म्हणाले.

नत्थुजींनी वाद घातला नाही. कप खाली ठेवला, रुख्मिणीबाईंना हाक मारली, आणि दोघांनी वकिलासकट खुर्ची उचलून उलटी फिरवली. आता काकांचं तोंड हरभऱ्याकडे, पाठ चुलीकडे. मघाचा मुका डबा आता त्यांच्या डावीकडे आला होता. मोबाइल सुरू झाला. मेल्या, निंघ.

काकांनी डोळे मिटले.

"आता हा बोलतो," ते हळूच म्हणाले. "तो बोलत नाही."

"मंग? डबे थेच, वायर थेच. फिरले कोन? तुमी."

"परत फिरवा."

परत फिरवली. मग काकांनी अजून दोनदा फिरवायला लावली. "चक्कर येईन व त्याईले," रुख्मिणीबाई म्हणाल्या. पाचव्यांदा काकांनी हात वर केला. चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसावा तसा पँटलाच पुसला.

"ईशान, तुला माहीत होतं?"

मी हो म्हणालो. त्यांना ऐकू गेलं नाही. मला खुर्चीला वळसा घालून डावीकडे जावं लागलं.

"हो."

"कधीपासून?"

"ऑगस्ट. यंत्र लावायला सहा महिने दिले होते. त्यातला एक उरलाय."

"काकूला?"

"तिलाही."

काकांनी हरभऱ्याकडे पाहिलं. "आणि उजवीकडे बसून तू रोज काय बोलतोस?"

"असंच. हवापाण्याचं."

"खोटं बोलून राहिला," नत्थुजी म्हणाले. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

निघताना काकांनी नत्थुजींचा डबा मागितला नाही. आपलाही गाडीत ठेवू दिला नाही. "जोडी मोडू नये," एवढंच म्हणाले. आता अकोटकडच्या आठ एकर हरभऱ्याला दोन्ही बाजूंनी रुख्मिणीबाई ओरडतात.  गाडीत बसताना काकांनी जागा निवडून घेतली, मी डावीकडे येईन अशी.

दुसऱ्याच दिवशी ते डॉक्टरकडे गेले. डावा कान पुढे करून सगळं नव्यानं वदवून घेतलं आणि लेखी मागितलं. आठवड्यात यंत्र आलं. दाण्याएवढं, कानामागे बसणारं. शब्द कळतात, थोडे पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे, पण कळतात. वेळेत आलात, डॉक्टर म्हणाले.

त्या संध्याकाळी मी जेवायला समोरच्या खुर्चीत बसलो. काकांनी आपल्या उजवीकडच्या खुर्चीवर हात आपटला.

"इथे."

मी बसलो. काकू पळी धरून उभी राहिली.

"बोल," काका म्हणाले.

माझ्याकडे दोन वर्षांचा साठा होता. रोजची तीन म्हटली तरी दोन हजारांच्या वर वाक्यं, एकेक घासून पुसून ठेवलेलं. त्यातलं एकही बाहेर येईना.

"वरण छान झालंय," मी म्हणालो.

काकांनी डोळे मिटले. डब्यासमोर मिटतात तसेच. मग उघडले आणि काकूकडे वळले.

"चिरका आहे," ते म्हणाले. "आतला फोम गेलाय. रविवारी याला सहदेवकडे टाकून येतो."